दापोलीचा कंपू आणि जायबंदी शिपायांचा योगक्षेम

लढाई कोणत्या मुक्कामीं झाली, कोणी जिंकली, कोणता सरदार पडला, हें ठरविण्यासाठीं आमच्या संशोधकांनीं पुष्कळ शाई खर्च केली आहे, व ती वायां गेलेली नाहीं. परंतु लढाई संपल्यावर जो शिपाई हात किंवा पाय गमावून घरीं परतला, त्याचें पुढें काय झालें, हा प्रश्न दप्तरांस क्वचितच विचारण्यांत आला आहे. पडलेल्या वीराचा पोवाडा होतो, विजयी सरदारास जहागीर मिळते. या दोहोंच्या मध्यें जो जायबंदी, त्याची नोंद बहुधा एखाद्या हिशेबी कागदाच्या कोपऱ्यांत पडून राहते. प्रस्तुत लेखांत रत्नागिरी जिल्ह्यापुरता, आणि त्यांतहि विशेषेंकरून दापोलीपुरता, या प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ज्या जिल्ह्यानें मुंबई लष्करास पिढ्यान्‌पिढ्या माणसें पुरविलीं, त्या जिल्ह्यांत परत आलेल्या माणसांचा इतिहास नसावा, ही गोष्ट आम्हांस ठीक वाटत नाहीं.

१

प्रथम मराठी राज्यांतील रिवाज पाहूं. या विषयावरील सर्वांत परिचित आधार सभासदाच्या बखरीचा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजीं अफझलखानाचा वध झाला, त्यानंतरच्या व्यवस्थेची हकीकत देतांना सभासद सांगतो कीं, जे लोक पडले त्यांच्या मुलांस चालविलें. ज्यांस पुत्र नव्हते त्यांच्या बायकांस अर्धें वेतन करून दिलें. आणि जे जखमी झाले त्यांस जखम पाहून २००, १००, ५०, २५ होन याप्रमाणें बक्षीस दिलें. बखर राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजी येथें, म्हणजे घटनेनंतर तीन तपांच्या सुमारास लिहिली गेली. तेव्हां आंकडे शब्दशः खरे मानण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु राज्याची चांगली चाल कोणती, याविषयीं त्या काळच्या जाणत्या माणसाची समजूत काय होती, हें या उल्लेखावरून निःसंशय कळतें.

या उल्लेखांतील दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, रकमेचें माप जखमेवर बसविलेलें आहे. बखरकार हुद्द्याचें नांव घेत नाहीं. दुसरी गोष्ट अशी कीं, विधवेस वेतन चालू राहतें, पण जखमी माणसास जें मिळतें तें एकदांच. याचें कारण आमच्या मतें असें कीं, जखमी शिपायाचें घर, भाऊबंद व वतन हींच त्याचें पोट भरतील असें गृहीत धरलेलें होतें. सरकारनें औषधोपचाराची व उमेदीची भर घालावी, बाकीचें कुळानें पाहावें. फ्रान्सच्या चवदाव्या लुईनें १६७० सालीं निकामी सैनिकांसाठीं पॅरिस येथें मोठी वास्तु बांधण्याचा हुकूम काढला, व इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लसनें १६८२ सालीं चेल्सी येथें तसेंच आश्रयस्थान स्थापिलें. त्याच सुमारास महाराष्ट्रांत अशी एकहि इमारत उठली नाहीं, म्हणून येथें दया नव्हती असें कोणी म्हणूं नये. तिकडे पगारी सैन्य घरापासून तुटलेलें होतें. इकडचा शिपाई पावसाळ्यांत नांगरास हात लावीत असे. मात्र ज्याच्या कुळाजवळ जमीनच नव्हती, त्यास या व्यवस्थेंत कोण पाहत होतें, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

पेशवाईच्या रोजकीर्दींतून या चालीचें पुढचें रूप दिसतें. तेथें ‘बालपरवेशी’ हा शब्द वारंवार येतो. फारशी ‘परवरिश’ शब्दावरून तो झालेला आहे. कामास आलेल्या माणसाच्या मुलाबाळांच्या पोटासाठीं जी नेमणूक होई तिला हें नांव होतें. जखमींस औषधपाण्यासाठीं रक्कम देणें, कोणास इनाम जमीन देणें, कोणाची असामी मुलाच्या नांवें चालविणें, असे अनेक प्रकार होते. पण या सर्वांत एक सूत्र आहे: मदत देणाऱ्याच्या डोळ्यांपुढें एकटा माणूस नसून कुटुंब असे. शिपाई निकामी झाला तरी त्याची असामी घरांत राही, आणि असामी राहिली म्हणजे मानहि राही.

२

कोंकणांत या रिवाजास समुद्राची जोड होती. आंगऱ्यांच्या व पुढें पेशव्यांच्या आरमारावर जे खलाशी व हेटकरी बंदूकवाले असत, त्यांच्या जखमा तोफेच्या व फुटलेल्या लांकडाच्या असत; त्यांत अवयव जाण्याचा संभव अधिक. अशा लोकांस प्रथम आसरा किनाऱ्यावरील किल्ल्यांचाच. सालबाईच्या तहानंतर, एप्रिल १७८३ मध्यें, आनंदराव धुळपांच्या आरमारानें ‘रेंजर’ नांवाचें इंग्रजांचें जहाज घोर झुंजीनंतर धरिलें. त्या वेळीं जखमी इंग्रज अंमलदारांस विजयदुर्गास नेण्यांत आलें, आणि त्यांपैकीं कर्नल हंबरस्टन हा तेथेंच वारला. शत्रूच्या जखमींस जेथें नेलें, तेथें आपल्याहि जखमींची व्यवस्था असलीच पाहिजे. विजयदुर्ग त्या काळापासून पुढें पुष्कळ वर्षें रत्नागिरीच्याच प्रदेशांत गणला जात होता. १९८१ सालीं सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तेव्हां तो तिकडे गेला.

३

इ. स. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, आणि त्याबरोबर असामीची ही पद्धतिहि मोडली. तिच्या जागीं आलेली कंपनी सरकारची पद्धति मुळांतच वेगळ्या कल्पनेवर उभारलेली होती. गोऱ्या शिपायांसाठीं क्लाइव्हच्या नांवाचा निधि १७७० पासून होता; मीर जाफरानें ठेवून दिलेल्या रकमेंतून तो निघाला. हिंदी माणसाच्या पैशांतून निघालेल्या या निधीचा लाभ हिंदी शिपायास नव्हता, हें येथें नमूद करून ठेवणें अवश्य आहे. हिंदी शिपायांकरितां बंगाल इलाख्यांत अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसरा प्रयोग झाला: भागलपूर वगैरे भागांत निकामी शिपायांस पडीक जमिनी देऊन त्यांचीं ठाणीं वसविण्यांत आलीं. कोंकणांत असें करण्यास मोकळी जमीनच नव्हती. डोंगर व खाडी यांच्यामधली लागवडीची पट्टी खोतांच्या ताब्यांत होती. यामुळेंच येथें जमिनीऐवजीं रोख तनखा व लष्करी तळ हाच मार्ग पत्करण्यांत आला असावा, असें आमचें अनुमान आहे.

तनख्याची, म्हणजे पेन्शनची, कल्पना आमच्या लोकांस लवकरच अंगवळणी पडली. साध्या शिपायाचा पगार महिना ७ रुपये असे. नोकरीचीं वर्षें भरलीं व डॉक्टरांच्या मंडळानें माणूस निकामी ठरविला म्हणजे त्याहून कमी रकमेचें पेन्शन त्याच्या नांवें लागे. १८३७ सालीं ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हें शौर्याचें पदक सुरू झालें. तिसऱ्या वर्गाच्या पदकास पगाराचा एकतृतीयांश अधिक मिळे, दुसऱ्यास दोनतृतीयांश, व पहिल्यास दुप्पट पगार. मिळविणारा वारल्यास ही वाढ त्याच्या विधवेस तीन वर्षें चालत असे.

या पद्धतींत जखमेचा अर्थच पालटला. शिपायाच्या वर्णनपत्रांत नांव, बापाचें नांव, गांव, जात, उंची यांबरोबर अंगावरील खुणाहि लिहिल्या जात, कारण पेन्शन घेण्यास आलेला माणूस तोच आहे कीं नाहीं हें ताडून पाहावयाचें असे. सभासदाच्या हकीकतींत जखम पाहून होन दिले जात. कंपनीच्या कचेरींत जखम पाहून माणूस ओळखला जाई. पूर्वीं जी मानाची निशाणी होती, ती आतां ओळखीचा दाखला झाली. तथापि नव्या पद्धतीचा एक गुण मोकळेपणानें मान्य केला पाहिजे. तींत घराणें किंवा वतन आड येत नव्हतें. ज्यास गांवांत स्वतःची वीतभर जमीन नाहीं, अशा महाराच्या मुलासहि दरमहा निश्चित रोकड हातीं पडूं लागली. आणि कोंकणासारख्या रोकडीचा दुष्काळ असलेल्या प्रांतांत ही लहान क्रांति नव्हती.

४

आतां दापोलीकडे वळूं. दक्षिण कोंकण हातीं येतांच १८१८ सालीं इंग्रजांनीं तेथील लष्करी ठाण्यासाठीं दापोलीची निवड केली. समुद्रापासून थोड्या कोसांवर, उंच सपाटीवर वसलेली ही जागा. हवा किनाऱ्यापेक्षां थंड, मैदान मोकळें, जवळ हर्णैचें बंदर. मुलकी कारभाराचें मुख्य ठिकाण आधीं बाणकोट व १८२२ पासून रत्नागिरी झालें, परंतु पलटण दापोलीसच राहिली. कवायती पलटणींच्या तळास आमच्या लोकांनीं ‘कंपू’ हा शब्द पूर्वींच लाविला होता. दापोलीच्या नांवास ‘कॅम्प’ हें शेपूट त्या दिवसांपासून जें लागलें तें अद्याप सुटलेलें नाहीं.

दापोलीचें वर्णन करणारे लेखक बहुतेक गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांवर, पडक्या चर्चवर आणि जुन्या कबरस्थानावर थांबतात. यामुळें दापोली म्हणजे साहेबलोकांच्या हवापालटाचें ठिकाण, एवढीच समजूत दृढ झाली आहे. ती अपुरी आहे असें आमचें म्हणणें आहे. मुंबई गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडी खंड १८८० सालीं प्रसिद्ध झाला. त्यावरून दिसतें कीं, १८४० सालीं दापोलीहून नियमित फौज काढून घेण्यांत आली, आणि तिच्या जागीं जुन्या शिपायांची पलटण, जिला इंग्रजींत ‘व्हेटरन बटालियन’ म्हणत, ती ठेवण्यांत आली. ती १८५७ सालीं मोडली. म्हणजे सतरा वर्षेंपर्यंत दापोलीचा कंपू हा प्रामुख्यानें वयानें वा दुखापतीनें थकलेल्या हिंदी शिपायांचा कंपू होता. दापोलीच्या इतिहासांतील हा सतरा वर्षांचा काळ बंगल्यांच्या सांवलींत झांकला गेला आहे.

अशा पलटणीचा हेतु समजून घेतला पाहिजे. जो शिपाई दौडीस व स्वारीस निरुपयोगी झाला, पण पहाऱ्यास उभा राहूं शकतो, त्यास अगदीं घरीं न धाडतां खजिना, तुरुंग, कोठार अशा ठिकाणच्या चौकीस लावावयाचें, हें तिचें तत्त्व. सरकारास तरणे शिपाई मोकळे मिळत. थकलेल्यास पूर्ण पगार, गणवेष आणि सोबती राहत. यांत सरकारची काटकसर होती, हें उघड आहे. परंतु ज्यानें वीस वर्षें तुतारीच्या सुरावर उठण्याबसण्याची संवय केली, त्यास एकाएकीं रिकामपणाच्या हवालीं न करणें, हा एक प्रकारचा आधारच होता. निकामी माणसास भाकरीइतकीच कामाची, सोबतीची आणि विरंगुळ्याची गरज असते, हें तत्त्व आज सर्वत्र मान्य झालें आहे. दापोलीच्या जुन्या पलटणीनें तें, हेतु कांहींहि असो, सतरा वर्षें आचरणांत आणलें.

विरंगुळ्याविषयीं एक शब्द येथेंच लिहितों. कंपूचें मैदान, कवायत पाहावयास जमणारी मंडळी, बाजारांतील पार, संध्याकाळचें भजन, हीं या माणसांचीं बसण्याउठण्याचीं ठिकाणें. गांवीं गेल्यावर त्यांचा मुख्य सण शिमगा. ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचविण्यास दोन भक्कम पाय लागतात. पण नमन-खेळ्यांत मृदंग धरण्यास, झांज वाजविण्यास, सोंगांस शिकवण देण्यास लंगडा पाय आड येत नाहीं. मात्र पालखीचे मान जातीजातींत वांटलेले असत, आणि पलटणींत एका रांगेंत उभे राहिलेले दोन शिपाई गांवच्या सहाणेवर एका रांगेंत उभे राहूं शकत नसत. हें सांगितल्याशिवाय या विरंगुळ्याचें चित्र खरें होणार नाहीं.

५

पलटण १८५७ सालीं मोडली, परंतु तिच्यामुळें दापोलीस जी संवय लागली ती मोडली नाहीं. पेन्शन घेतलेले शिपाई दापोलीच्या आसपास बिऱ्हाड करून राहूं लागले. तेथें ओळखीची माणसें होतीं, लष्करी शिस्तींतून आलेली मोकळीक होती, आणि गांवच्या जुन्या बंधनांपासून थोडें अंतर होतें. या वस्तींतूनच पुढें जी चळवळ उभी राहिली, तिचें महत्त्व दापोलीपुरतें नाहीं.

महाडजवळच्या रावढळ गांवचे गोपाळ बाबा वलंगकर हे हवालदार होऊन १८८६ सालीं पेन्शनीवर निघाले व दापोलीस राहिले. १८८८ सालीं त्यांचें ‘विटाळ विध्वंसन’ प्रसिद्ध झालें, आणि १८९० च्या सुमारास त्यांनीं ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ स्थापिली. पुढें सरकारनें महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हां त्याविरुद्ध अर्ज लिहिण्याचें काम त्यांनींच हातीं घेतलें. या अर्जाकडे केवळ नोकरी मागण्याचा अर्ज म्हणून पाहूं नये. ज्यांच्या बापांनीं व आजांनीं कंपनीसाठीं हातपाय गमावले, त्यांच्या मुलांस त्या नोकरीचें दारच बंद झालें, हें दुःख त्यांत आहे. ही पेन्शन एका माणसाची असे. तो मेला म्हणजे ती संपे. जुन्या असामीप्रमाणें ती मुलाकडे जात नसे. तेव्हां घरांत दुसरा शिपाई होणें हाच तिचा पुढचा धागा. तो धागा सरकारनें तोडला. वर्णनपत्रावर आधारलेल्या पद्धतीची उणीव या वेळीं स्पष्टपणें उघडी पडली.

याच काळांत सुभेदार रामजी सकपाळ सेवानिवृत्त होऊन कुटुंबासह दापोलीस आले. त्यांचें मूळ गांव मंडणगडजवळचें आंबडवे. दापोलीस कायम राहावें असा त्यांचा विचार होता. पुढें तो बदलून ते साताऱ्यास गेले. त्यांचे चिरंजीव म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. एका लष्करी पेन्शनीच्या आधारावर एका घरांत विद्या कशी टिकून राहिली, याचें याहून मोठें उदाहरण द्यावयास नको. पलटणींतील शाळांत शिपायांस व त्यांच्या मुलांस वाचावयास शिकवीत. रामजी स्वतः अशा शाळेचे मुख्याध्यापक होते. तनख्याचे रुपये खर्च होऊन गेले. अक्षर मात्र राहिलें.

६

पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न पुन्हां ऐरणीवर आणिला. १०३, ११० व ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियांत कुतच्या वेढ्यांत सांपडल्या. २९ एप्रिल १९१६ रोजीं तें ठाणें पडलें. तेथून व इतर रणांगणांवरून जहाजें भरभरून जखमी मुंबईस आले. मुंबईंतील म्युझियमची नवी घुमटदार इमारत तेव्हां संग्रहासाठीं उघडलीहि नव्हती. तिचा उपयोग इस्पितळाकडे करण्यांत आला, आणि संग्रहालय म्हणून ती १९२२ सालीं खुली झाली. आज जेथें आपण जुनीं शिल्पें व चित्रें पाहतों, तेथें कधींकाळीं जखमी शिपायांच्या खाटा होत्या, हें आमच्या संग्राहक बंधूंनीं ध्यानांत ठेवावें.

१९१७ सालीं लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकारानें मुंबईस अपंग हिंदी शिपायांसाठीं क्वीन मेरीच्या नांवाची धंदेशिक्षणाची शाळा निघाली. ती पुढें खडकीस गेली. तेथें हात किंवा पाय गेलेल्या माणसास शिवण, यंत्रकाम यांसारखे बसून करण्याजोगे धंदे शिकवीत. जखमी माणसास केवळ पोसावयाचें नाहीं, त्यास पुन्हां कर्ता करावयाचें, ही कल्पना येथें प्रथमच संस्थेच्या रूपानें आमच्याकडे आली. १९१७ सालींच १११ वी महार पलटण उभारण्यांत आली, पण १९२१ सालीं ती मोडली. महार रेजिमेंट पुन्हां उभी राहण्यास १९४१ साल उजाडावें लागलें. गरज असतां बोलवावें व गरज सरतां विसरावें, हा क्रम दापोलीकरांस नवा नव्हता.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, १९४४ सालीं, पुण्यास कृत्रिम अवयवांचें लष्करी केंद्र निघालें. कमरेखालीं लुळ्या झालेल्या सैनिकांसाठीं खडकीस १९७४ सालीं पुनर्वसन केंद्र स्थापन झालें. तेथें चाकाच्या खुर्चीवरील खेळांस मोठें स्थान मिळालें. खेळ हा अशा माणसांच्या उपचाराचाच भाग होय, हा विचार इंग्लंडांत स्टोक मँडव्हिल येथील डॉ. गुटमान यांनीं पुढें आणिला, व १९४८ सालीं तेथें जखमी सैनिकांच्या पहिल्या स्पर्धा भरविल्या. त्या विचाराचें फळ महाराष्ट्रानें लवकरच पाहिलें. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूरकडचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून जायबंदी झाले. पाण्यांत उतरून त्यांनीं आपलें शरीर पुन्हां साधलें, आणि १९७२ सालीं जर्मनींत हायडेलबर्ग येथें अपंगांच्या जागतिक सामन्यांत ५० मीटर पोहण्याचें सुवर्णपदक मिळविलें. २०१८ सालीं त्यांस पद्मश्री देण्यांत आली. पदक व पद्मश्री यांच्यामध्यें सेहेचाळीस वर्षें गेलीं, यावरून स्मरणाची आमची गति वाचकांनींच मापावी.

७

येथवरच्या विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. मराठी राज्यानें जायबंदी शिपायास कुटुंबांत ठेवून मान दिला, पण ज्यास कुळाचा आधार नाहीं त्याची तरतूद तींत दुबळी होती. कंपनीनें एकट्या माणसास रोकड दिली, पण त्याच्या घरास वाऱ्यावर सोडलें. या दोहोंच्या मध्यें दापोलीची जुन्या शिपायांची पलटण उभी आहे. तिनें निकामी म्हणविलेल्यांस काम, वेतन आणि सोबत हीं तिन्हीं एका जागीं दिलीं. तिच्या वारशांतूनच दापोलीस पेन्शनरांचा तो समाज जमला, ज्यानें पुढें स्वतःच्या हक्कांसाठीं लेखणी धरली.

शेवटीं आमच्या हस्तलिखितसंग्राहक बंधूंस एक विनंति आहे. आम्ही देशमुखांचीं दप्तरें शोधतों, मठांतील पोथ्या सोडवितों, खोतांच्या सनदा नकलून घेतों. दापोली, खेड, मंडणगड, चिपळूण या तालुक्यांतील साध्या घरांत, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटींत, पणजोबांचें नांव कापलेला दाखला, पेन्शनीचा परवाना, काळवंडलेलें पदक, असे जिन्नस अजून असतील. पदक चांदीचें म्हणून राहतें किंवा विकलें जातें. कागदास मात्र वाळवी लागते, किंवा घर शाकारतांना तो शेणकीत जातो. गांवाच्या वेशीवर किंवा चावडींत, या गांवांतून इतके लोक महायुद्धास गेले व इतके पडले, असें सांगणाऱ्या शिला कोठें कोठें आहेत. त्यांवर परत आलेल्या जखमींचा आंकडा नसतो. तो आंकडा त्या पेटींतल्या कागदांतच आहे. ते कागद ज्यांच्या घरीं असतील त्यांची संमति घेऊन नक्कल करून ठेवावी, आणि मूळ त्यांच्याच हातीं राहूं द्यावें. सनदेवर मोर्तब असतें म्हणून आपण तिला दप्तर म्हणतों. ज्या कागदावर शिपायाच्या अंगावरील व्रण लिहून ठेविले आहेत, त्यासहि तोच मान आतां मिळाला पाहिजे.